शिरवडगीची शीव

पटकी बोरगलात आली ती दुष्काळी खडीच्या कामावरून, पण गावाला ती खरी वाटली चेअरमनच्या घरात माणूस गेलं तेव्हा. त्याआधीच्या आठ दिवसांत कामावरची चार माणसं दगावली होती. ती परगावची, पालात राहणारी, रेशनच्या मिलो जोंधळ्याच्या तांबड्या भाकरीवर आणि डबक्यातल्या पाण्यावर दिवस काढणारी. दुष्काळानं गेली, असं म्हणून गावानं तो विषय मिटवला होता. मग सोमवारी सकाळी सोसायटीचे चेअरमन कल्याणप्पा यांचा धाकटा भाऊ शरणबसप्पा पोट धरून शेतातून घरी आला आणि दिवस मावळायच्या आत संपला. खांद्यावर जू घेऊन उभा राहील असा माणूस. त्याला लिंगायतांच्या रीतीनं मातीत बसवला, तेव्हा बघणारे सांगत होते, अर्ध्या दिवसात डोळे खोबणीत गेले होते, आणि बोटं तर दिवसभर पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतली होती.

मंगळवारपासून ज्याला जे ठाऊक होतं ते तो करायला लागला. लिंगायतांच्या आळीत उमरग्याहून त्यांचे गुरू, अय्या आले आणि घरोघर भस्म वाटून गेले. मोमिनांनी दर्ग्यातून ताईत आणून पोरांच्या गळ्यात बांधले. मराठ्यांच्या दारांवर लिंबाचे डहाळे लागले. त्या वैशाखात पाला म्हणून उरला होता तो लिंबालाच. बौद्धवाड्यात रोज संध्याकाळी विहारापुढं वंदना व्हायला लागली, आणि वंदना झाली की दोन-तीन बाया गुपचूप घरी जाऊन उंबऱ्याखाली कांदा पुरून यायच्या. आबाराव बनसोडेंची बायको चांगुणा त्यातलीच. नवऱ्याला ते माहीत नव्हतं. थोरल्या दिराला, कोंडिबाला माहीत होतं, पण कोंडिबा बोलणारा माणूस नव्हता.

बुधवारी तारामती आली. आबारावची लेक, सरकारी दवाखान्यात नर्सबाई. जीपनं तिला वेशीपाशी सोडलं. हातात सुया उकळायचं भांडं, एका पेटीत बर्फ आणि बर्फात लसीच्या बाटल्या. रविवारी परत न्यायला येतो म्हणून जीप गेली. वर्षानं लेक घरी आली होती, पण चांगुणाला तिला जवळ घेऊन बसता आलं नाही. तारा पदर खोचून गल्लोगल्ली हिंडत होती, विहिरीत पांढरी पावडर टाकत होती, पाणी उकळून प्या म्हणून घसा बसेपर्यंत सांगत होती. गाव तिचं ऐकून घेत होतं आणि दंड झाकून घेत होतं. सुई घेतली की ताप येतो. सुई घेतली की बाईची कूस बंद होते; माणसं कमी करायची सरकारची युक्ती आहे ती. आणि काही घरांतून यातलं काहीच कुणी बोललं नाही. तिथल्या बायांनी फक्त ताराच्या हाताकडं बघितलं आणि दार लोटून घेतलं.

शुक्रवारी दुपारी ऊन कलल्यावर चेअरमन स्वतः बौद्धवाड्यात आले. बरोबर त्यांची बायको लक्ष्मम्मा आणि गावातले पाच-सहा जण. लक्ष्मम्मानं या वाड्यात पाऊल टाकायची ती पहिलीच वेळ. आबारावच्या अंगणात पोतं अंथरलं गेलं. चांगुणानं तांब्या भरून आणला. एरवी या घरचं पाणी त्या मंडळींनी घेतलंच नसतं. त्या दिवशी नको म्हणायला पटकीचं सोयीचं कारण होतं. तांब्या तसाच मधे राहिला.

कोंडिबा पडवीच्या खांबाला टेकून बसला होता. वय साठीला टेकलेलं, अंगानं अजून काटक. छप्पन सालापर्यंत तो या गावाचा येसकर होता. वेशीचं दार, दवंडी, मेलेलं ढोर, सांगावा, सगळं त्याच्याकडं. धम्म घेतला त्या वर्षी धाकट्या आबारावनं येसकराची काठी चेअरमनच्या बापाच्या ओट्यावर नेऊन ठेवली, आणि कोंडिबा काही न बोलता रानात मजुरीला जायला लागला. तरणेपणीच बायको गेली, पुन्हा लग्न केलं नाही. भावाची लेकरं खांद्यावर खेळवली. घरात त्याच्या बायकोचं नाव कुणी काढत नसे.

"कोंडिबा," चेअरमन म्हणाले, "तुमी मोठे हाव. तुमच्याकडंच आलोय."

जन्मभर 'कोंड्या' आणि धम्म घेतल्यावर 'कोंडिबा, तू' ऐकलेल्या त्या अंगणात ते 'तुमी' सगळ्यांच्याच कानाला लागलं. आबारावनं मान वळवून भावाकडं बघितलं.

"मरीआईचा गाडा तयार हाय," चेअरमन पुढं म्हणाले. "सुतारानं काल बांधला. देवीची टोपली भरलीय. शिवंपार नेणारं माणूस तेवढं पायजे. ते तुमच्या घराचं काम. दुसऱ्यानं नेली तर ती माघारी फिरती, असं लोक म्हणत्यात."

"ते काम आमी छप्पन सालीच टाकलं, अप्पा," आबाराव म्हणाला. "देव न्हाय, देवी न्हाय. आमच्या दारात ते बोलूबी नका."

"आबाराव, मला तरी कुटं पटतंय? माझा भाऊ गेला. त्येला घरातलं भस्म लावलं, लिंबाचा रस पाजला, काय उपेग झाला? पण लोक दंड उघडा करनात त्येचं काय करू? तारा, दोन दिसांत किती टोचून झाले?"

"एकतीस," तारा म्हणाली. "त्यातले वीस आपल्या वाड्यातले."

"अन् गाव बाराशेचं. गाडा एकडाव शिवंपार जाऊ द्या. उद्याच्या उद्या सगळं गाव रांगंत उभं करतो. चेअरमनचा शब्द हाय. हिला पयली बसवतो." त्यांनी बायकोकडं हात केला.

"देवी जाऊस्तोवर बेड, सुई नको," लक्ष्मम्मा म्हणाली. मनातून हाललेली असली की तिच्या मराठीत माहेरची कानडी यायची. "माझ्या घरात सून गरवार हाय. दीर गेला. आनखी काय घालवू?"

मग तारा थोरल्या चुलत्याकडं वळून म्हणाली, "तात्या, जावा तुमी."

आबारावला आधी ते कळलंच नाही. कळल्यावर तो उभा राहिला.

"काय म्हणलीस?"

"जाऊ द्या त्यांना, आबा. माझ्याकडं लस हाय, पण बर्फ संपत आला. परवा जीप यायच्या आत ही लस वापरली न्हाय तर फेकून द्यावी लागंल. तिकडं पालात अजून तिघं पडल्यात. एक टोपली उचलल्यानं हजार माणूस टोचून घेणार असंल तर…"

"यासाठी शिकवलं का गं तुला? बाबासाहेबाच्या नावानं वसतिगृहात ठिवलं, ते ही टोपली उचलायला?"

"म्या उचलते म्हणलं असतं," तारा म्हणाली, "पण बाईनं नेलेली चालत न्हाय." तिच्या आवाजात थट्टा नव्हती. दोन दिवसांत तिनं दोघांचे डोळे मिटले होते.

चांगुणा तांब्यापाशी खाली बसली होती. तिनं लेकीची बाजू घेतली. "भावजी, लेकरांसाठी जावा. तुमाला तरी त्यात नवं काय हाय? आखाडात पटकीचा महिना आला की एक मंगळवार तुमी उपाशी ऱ्हाता. तोंडात पाणी घेत न्हाय. या घरात आल्यापसनं बघते म्या. ह्यांना कधी सांगितलं न्हाय."

आबाराव भावाकडं वळला. इतकी वर्षं ज्याच्या शेजारी बसून वंदना म्हटली, तो माणूस त्याला एकाएकी परका वाटला असावा. "दादा? खरं हाय हे?"

"उपाशी ऱ्हातो," कोंडिबा म्हणाला. "मरीआईसाठी न्हवं. पुतळासाठी."

ते नाव त्या घरात अठ्ठावीस वर्षांनी उच्चारलं गेलं. कोंडिबाला स्वतःलाच त्याचा आवाज अनोळखी वाटला. इतकी वर्षं ते नाव तो मनात घ्यायचा, तेव्हा ते वेगळंच ऐकू यायचं. पहाटे भाकरी थापताना हाक मारली की ती 'आँ' म्हणायची, त्या हाकेतलं.

"म्या टोपली नेणार न्हाय," तो म्हणाला. "का न्हाय, ते सांगतो. बसा समदे."

चेअरमन उभे होते, तेही बसले.

"निजामाचं राज हुतं. आखाड. गावात पटकी. माझ्या डोक्यावर टोपली दिली. देवी, हिरव्या बांगड्या, चोळीचा खण, दहीभात. पुढं म्या, मागं वाजंत्री, त्येच्या मागं गाव. शिवंपशी गाव थांबलं. तिथनं एकट्यानं जायाचं. शिरवडगीच्या हद्दीत टोपली ठिवायची, मागं बघायचं न्हाय, गावात शिरायचं न्हाय. त्यांच्या वढ्यात न्हायचं अन् तीन दिस रानात काढून दुसऱ्या वाटंनं घरी यायचं."

"ते जुन्या माणसांना ठावं हाय, कोंडिबा," चेअरमन म्हणाले.

"ठावं न्हाय ते पुढं हाय, अप्पा. टोपली उचलली तवाच माझ्या पोटात कळ येत हुती. कुणाला बोललो न्हाय. बोललो असतो तर दुसऱ्यानं नेली असती." तो थांबला. पुढचं सांगायला त्याला जड गेलं. "अन् मला ती न्यायची हुती. माझी सावली पडली तर शिव्या देणारी माणसं त्या दिशी माझ्या मागनं चालत हुती. तुमचे वडील म्हणत हुते, कोंड्या, संभाळून टाक बाबा पाऊल. मला बरं वाटत हुतं. आबा, तुला राग यील, पण लई बरं वाटत हुतं."

आबाराव जमिनीकडं बघत होता.

"वढ्याला जाईस्तोवर तीनदा बसावं लागलं. धोतर बरबटलं. ते त्या वढ्यात धुतलं, अंग धुतलं. खालच्या अंगाला, असंल शंभर-दीडशे पावलांवर, शिरवडगीच्या बाया घागरी भरत हुत्या. त्यांचं बोलणं ऐकू येत हुतं. मागं बघायचं न्हाय असा नेम हुता, म्हणून म्या तिकडं बघितलंबी न्हाय. मग रानात एका खोपटात पडून ऱ्हायलो. जगलो. कसा जगलो, ठावं न्हाय. चौथ्या दिशी शिरवडगीत पयलं माणूस गेलं. पुतळा तिथंच हुती, आईकडं. सातवा महिना हुता तिला. नवव्या दिशी मला खबर आली. तवा तिला मातीत घालून दोन दिस झाल्ते."

कुणीतरी खाकरलं. कोंडिबा आता ताराकडं बघत होता.

"लोक म्हणले, मरीआई कोपली, टोपली नीट ठिवली नसंल. चोवीस वर्सं म्याबी तसंच धरून चाललो. काय चुकलं असंल, खण खाली पडला असंल का, हेच मनात. मग ही नर्सबाईचं शिकायला गेली. सुट्टीत घरी यायची अन् पडवीत बसून मोठ्यानं पाठ करायची. पटकी पाण्यानं हुती. आजाऱ्याचं कापड वढ्याला धुतलं की खालच्या गावाला हुती."

ताराचा हात तोंडावर गेला. तिला आठवलं. 'पुन्हा वाच बरं ते,' असं तात्या म्हणायचे. तिला वाटायचं, न शिकलेल्या माणसाला शिकायची हौस. तिनं तीन-तीनदा वाचून दाखवलं होतं.

"तवापसनं मला ठावं हाय," कोंडिबा म्हणाला. "टोपलीत काय हुतं ते न्हाय ठावं. माझ्या धोतरात काय हुतं ते ठावं हाय."

मग तो लक्ष्मम्माकडं वळला. एरवी तिच्या डोळ्याला डोळा देऊन तो कधी बोलला नव्हता. "अव्वा, शिरवडगीवाल्यांनी ती टोपली पुढं कुटं नेली?"

लक्ष्मम्मानं नवऱ्याकडं बघितलं. चेअरमनच म्हणाले, "हुन्नळ्ळीला. त्यांच्या पलीकडं तेच गाव हाय." आणि म्हणता म्हणता ते थांबले. हुन्नळ्ळी त्यांची सासुरवाडी.

"माझे दोन थोरले अण्णा एका दिसात गेले," लक्ष्मम्मा म्हणाली. "मी नऊ वर्सांची हुते. एक मला खांद्यावर घिऊन जत्रंला न्यायचा. माझी अव्वा सांगायची, देवी शिरवडगीवरनं चालत आली." तिनं कोंडिबाकडं कितीतरी वेळ बघितलं. "देवी न्हवं आली. तू आलास."

"व्हय," कोंडिबा म्हणाला.

ती उठली. आता ही शिव्या देणार, की मातीचं ढेकूळ उचलून मारणार, असं कोंडिबाला वाटलं. आणि तिनं मारलं असतं तर त्याला ते बरंच वाटलं असतं. ती नवऱ्याशी कानडीत भरभर काहीतरी बोलली. चेअरमन नुसते मान हलवत राहिले. मग ती सगळ्यांना समजावं म्हणून मराठीत म्हणाली, "हुन्नळ्ळीत माझ्या धाकट्या भावाची लेकरं हायेत. गाडा हलवायचा न्हाय."

आणि ती ताराच्या समोर पोत्यावर जाऊन बसली. डाव्या दंडावरनं पदर सारला. "तापानं किती दिस पडंल माणूस?"

"एक दिस, अव्वा. दंड दुखंल. गरवार सुनंला आत्ता नको, तिला पाणी उकळून द्या अन् आजाऱ्याजवळ जाऊ देऊ नका." बोलता बोलता तारानं दंडाला कापूस लावला. लक्ष्मम्मानं डोळे मिटून घेतले. ज्या हाताकडं बघून दारं लोटली गेली होती तो हात तिच्या दंडावर होता, आणि सगळं अंगण ते बघत होतं.

सगळं गाव त्या एका दुपारीत बदललं असं झालं नाही. त्या संध्याकाळी अकरा बाया आल्या. शनिवारी सकाळी चावडीपुढं रांग लागली तेव्हा त्यात अय्यांचं भस्म लावलेले होते, ताईत घातलेले होते, आणि उकळलेलं पाणी पिऊन वर देवीला नवस बोललेलेही होते. तारानं कुणाला काही काढायला लावलं नाही. लोक दंड देत होते, तिला तेवढं पुरे होतं. गाडा सुताराच्या अंगणात तसाच उभा राहिला. त्यानंतर गावातली आणखी दोन माणसं गेली, पालातलं एक. मग थांबलं.

शनिवारी संध्याकाळी आबाराव पडवीत येऊन भावाशेजारी बसला. बराच वेळ त्यानं तंबाखू मळली आणि तोंडात न टाकता तशीच हातात ठेवली.

"मला सांगायचं हुतंस, दादा."

"सांगून काय केलं असतंस?"

आबारावनं विचार केला. "आखाडात त्या मंगळवारी म्याबी जेवलो नसतो," तो शेवटी म्हणाला.

कोंडिबानं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

रविवारी जीप आली. ड्रायव्हरनं खबर आणली की शिरवडगीच्या तलावाच्या कामावर दोघांना ढाळ-वांत्या लागल्यात. जीपमध्ये नवीन बर्फ होता, आणखी लस होती. तारा पेटी भरता भरता म्हणाली, "तात्या, येता का? नवीन गावात मला एकटीला कोण ऐकतंय?"

चांगुणा काहीतरी बोलणार होती, पण कोंडिबा आधीच डोक्याला पटका गुंडाळत होता.

शीव ओलांडताना त्यानं ड्रायव्हरला जीप थांबवायला लावली आणि तो खाली उतरला. अठ्ठावीस वर्षं या शिवेच्या दगडाच्या अलीकडं त्यानं पाऊल थांबवलं होतं. सरपण आणायला, कामाला, लग्नाला सगळीकडं गेला. या बाजूला नाही. ओढा पुढंच होता. पाणी नव्हतं. वाळूत झिरे खणून बाया वाटीवाटीनं घागर भरत होत्या. तारा गाडीत बसून राहिली, तिनं घाई केली नाही. कोंडिबा पायीच ओढा ओलांडून गेला.

तलावाच्या कामावर चार-पाचशे माणूस होतं. बाभळीखाली तारानं टेबल मांडलं, चुलीवर सुया उकळायला ठेवल्या. कोंडिबा लोकांना बोलवायला पाळीच्या बांधाकडं निघाला, तेव्हा डोक्यावर मातीची पाटी घेतलेली एक बाई वाटेत थांबली. चाळिशीची, उन्हानं रापलेली.

"दाजी?"

तो थांबला. पुतळाचं नाक, पुतळाची हनुवटी. गेली तेव्हा पुतळा वीस-बावीस वर्षांची होती. तिचं वाढलेलं वय कसं दिसलं असतं ते त्याला कधी डोळ्यांपुढं आणता आलं नव्हतं. ते आता समोर उभं होतं.

"मथुरा का?"

"व्हय. चालण्यावरनं वळखलं तुमाला." मथुराबाईनं पाटी खाली ओतली, पालथी घातली आणि तिच्यावर बसली. "अठ्ठावीस वर्सं, दाजी. दोन कोस वाट."

त्यानं उन्हात उभं राहूनच सगळं सांगितलं. यावेळी सांगणं सोपं गेलं नाही. अंगणात गावापुढं बोलला होता ते शब्द इथं पुरेनात. ओढा, धोतर, घागरी. पलीकडं मुकादम ओरडत होता, त्याच्याकडं तिनं बघितलं नाही.

"त्या बायांत आमची आई हुती," ती म्हणाली. "तिनं तुमाला वढ्यात बघितलं. धावत घरी आली, डोक्यावर भरलेली घागर तशीच. अक्काला म्हणली, तुजा नवरा शिवंला आलाय गं. अक्काला किती आनंद झाला म्हणून सांगू. मग दोन दिस दारात बसून ऱ्हायली, बोरगलच्या वाटंकडं तोंड करून. म्या म्हणायची, अक्का, त्यांना गावात यायची बंदी हाय. ती म्हणायची, इतक्या जवळ आलेत तर एक पाऊल पुढं टाकतील."

"म्या रानातच हुतो," कोंडिबा म्हणाला. "खोपटात पडल्या पडल्या तुमच्या गावचा चुलीचा धूर दिसायचा. त्यातला तुमच्या घरचा कुटला असंल, ते बघत पडायचो."

त्यानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला.

"शिव्या दे मला, मथुरा."

"देणार हुते. लई वर्सं जपून ठिवल्या हुत्या. आईनंबी ठिवल्या हुत्या, ती तशीच गेली." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आता तुमी असे म्हातारे हून आलात. कुटल्या तोंडानं दिऊ?"

"कुटं ठिवलं तिला?"

ती त्याला पाळीवरून खाली, तलावाच्या पोटात घेऊन गेली. सगळीकडं हातभर खणलेलं. मधेच माणूस आडवा होईल एवढा तुकडा तसाच सोडलेला, वर चार दगड.

"मुकादमाच्या पाया पडले म्हणून एवढं ठिवलं त्यांनी. पाऊस झाला की हे समदं पाण्याखाली जाईल." मथुराबाई खाली वाकून एक दगड नीट करायला लागली. "जाऊ दे. पाणी पाणी करत गेली ती. तवा म्हणायचे, पटकीत पाणी दिलं की आजार वाढतो. आईनं ओलं फडकं तेवढं व्हटाला लावलं. तुमची पोरगी तर आत्ता सांगत हुती, पाणीच द्यायचं असतं."

"व्हय," कोंडिबा म्हणाला. "मीठ-गूळ घालून. पिईल तेवढं."

"असं व्हय." ती मागं सरली.

कोंडिबा खाली बसला. कडक, भेगाळलेल्या मातीवर त्यानं हात ठेवला. माती तापलेली होती. त्याला वाटलं होतं, इथं आल्यावर रडू येईल. आलं नाही. फक्त ती जवळ आहे असं वाटलं, ओट्यावर बसलेलं माणूस घरात आतल्या माणसाची चाहूल घेतं तसं.

बाभळीखालून ताराची हाक आली. "तात्या! या ना, लोक भ्यायलेत हितं!"

"यत्यात म्हणून सांगते," मथुराबाई म्हणाली आणि निघाली.

"मथुरा, तोंड कुणीकडं करून ठिवलं तिला?"

"बोरगलकडं," ती वळून म्हणाली. "रीत तशी नव्हती. आई समद्यांशी भांडली."

ती पाळ चढून गेली. कोंडिबा उठला, त्या उंचवट्याला वळसा घालून बोरगलच्या बाजूला आला, आणि तिच्यासमोर बसला.